‘इतर (असल्यास)’

गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या महाविद्यालयात एक कार्यशाळा झाली. फलकावर तिचे नाव होते ‘किशोरवयीनांचे आरोग्य : प्राधान्यक्रम निश्चितीत युवा व कुटुंबीयांचा सहभाग’. वाचता वाचताच धाप लागावी अशी शीर्षके आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडली आहेत, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय त्या शीर्षकाचे पाप अंशतः आमच्याच माथी आहे. मूळ इंग्रजी मसुद्याचे मराठीकरण मराठी विभागातल्या आम्हा तिघांकडे आले होते आणि ‘प्राधान्यक्रम निश्चिती’ हा शब्दप्रयोग आम्हीच सुचवला होता. साहित्यचर्चेच्या या जागेत आरोग्याचा विषय आणल्याबद्दल काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. त्यांनी थोडा धीर धरावा. विषय भाषेचाच आहे आणि तो आपल्या वर्गातल्या बाकांपर्यंत येऊन पोचलेला आहे.

कार्यशाळेस अकरावी-बारावीची शंभरावर मुलेमुली होती आणि चाळीसेक पालक होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचे भाषण एवढे होईतो साडेबारा वाजले. मग प्रश्नावली वाटण्यात आली. तीत चौदा विषय छापलेले होते : रक्तक्षय, पोषण, व्यसनाधीनता, मासिक पाळीतील स्वच्छता, ताणतणाव, आणखी असेच. प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि चौकोनात एक ते चौदा यांपैकी एक क्रमांक घालायचा. सर्वांत खाली, पान संपता संपता, अर्धी ओळ : ‘इतर (असल्यास)’. एकच्या एसटीने जाणारी मुले बरीच असल्याने वीस मिनिटांत कागद गोळा झाले. वर्गवारीसाठी ते आम्ही घरी आणले. पुष्कळांनी वरून खाली सरळ एक, दोन, तीन करीत चौदापर्यंत आकडे लिहिले होते. म्हणजे ज्याने यादी छापली त्याचाच क्रम त्यांनी इमानाने परत केला होता. काही पालकांच्या आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलींच्या कागदांवरचे हस्ताक्षर एकच होते. अकरावीतल्या एका मुलीने मात्र चौदाही चौकोन रिकामे ठेवून शेवटच्या अर्ध्या ओळीत आणि मग समासात लिहिले होते : ‘मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीला बाहेर दार धरून उभे करावे लागते. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.’

चौकोन रिकामे असल्यामुळे हा कागद नियमाप्रमाणे ‘अपूर्ण’ ठरला आणि मोजणीतून वगळला गेला. पुढे अहवाल आला. युवक व कुटुंबे यांच्या सहभागातून निश्चित झालेले पहिले तीन प्राधान्यक्रम म्हणजे रक्तक्षय, मासिक पाळीतील स्वच्छता आणि ताणतणाव, असे त्यात म्हटले होते. महिनाभर आधी आलेल्या निमंत्रणपत्रात ‘विशेष भर’ म्हणून हेच तीन विषय याच क्रमाने छापलेले होते. पत्र आमच्या फायलीत होते म्हणून आम्हांस कळले. एरवी कोण ताडून पाहणार?

आता त्या तीन वाक्यांकडे पुन्हा पाहावे. पहिल्यात कारण आहे. दुसऱ्यात त्या कारणाने रोजच्या वागण्यात काय बदलते ते आहे. तिसऱ्यात त्याचा देहावरचा परिणाम आहे. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीला डोकेदुखी आणि लघवीचा जंतुसंसर्ग ही दुखणी जडतात हे सांगायला वैद्य लागेल. पण दुखण्याचे मूळ कुठे आहे हे वैद्याला घरबसल्या कधी कळले नसते. शोधनिबंध लिहिणाऱ्या मंडळींना चाळीस पानांत साधत नाही अशी कार्यकारणाची मांडणी एका सोळा वर्षांच्या मुलीने अर्ध्या ओळीच्या जागेत केली, आणि तिला ‘अपूर्ण’ म्हणणारी पद्धत आम्ही बिनतक्रार मराठीत आणून दिली. त्या कडीचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. आम्ही तिघांनी वर्गणी काढून ती बसवली. सुताराच्या मजुरीसह दोनशे रुपयांच्या आत काम झाले. बसवल्यावर मुलींनी सांगितले की आता दार लागते, पण नळाला पाणी सकाळी अकरापर्यंतच असते. म्हणजे एकदा विचारून भागत नाही हेही आम्हांस त्याच दोनशे रुपयांत कळले.

मराठीत ‘भाग’ या शब्दाची दोन क्रियापदांशी सोयरीक आहे. एक ‘घेणे’ आणि दुसरे ‘पाडणे’. भाग घेणारा आपण होऊन येतो. भाग पाडणारा दुसऱ्याला आणतो. सरकारी आणि अनुदानाश्रित मराठीत ‘सहभाग’ हा शब्द दिसतो पहिल्यासारखा, पण वागतो दुसऱ्यासारखा. ‘युवकांचा सहभाग घेण्यात येईल’ या वाक्यात कर्ता कोण? युवक तर नव्हेच. सहभाग ही त्यांच्याकडून घ्यावयाची वस्तू आहे, रक्ताच्या नमुन्यासारखी. ‘समाविष्ट करून घेण्यात येईल’, ‘मते जाणून घेण्यात येतील’, ‘लाभार्थ्यांना अवगत करण्यात येईल’ ही सगळी कर्मणी वाक्ये आम्ही आयुष्यभर व्याकरणाच्या तासाला फळ्यावर सोडवीत आलो, पण त्यांतला हरवलेला कर्ता शोधण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही.

हे नुसते शब्दांचे खेळ नव्हेत. बालसहभागाविषयी १९९२ साली रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणण्यासच नकार दिला. त्या तीन म्हणजे मुलांना वापरून घेणे, मुलांची सजावट करणे आणि मुलांना नावापुरते बोलवणे. स्वागतगीत म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी दुसऱ्या पायरीवर होत्या आणि चौकोन भरणारे तिसऱ्या. त्याच १९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सामील होण्याची औपचारिकता पूर्ण केली. त्या १९८९च्या संहितेतले बारावे कलम म्हणते की, ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते त्याला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडता आले पाहिजे, आणि त्या मताला वय व समज पाहून वजन दिले गेले पाहिजे. आपल्याकडे कलमाचा पहिला भाग समारंभपूर्वक पाळला जातो. वजन देण्याची वेळ आली की ताजवा कुणाच्या तरी कपाटात असतो.

‘एवढ्याशा पोरांना काय कळते?’ असे विचारणाऱ्यांस आम्ही एका एवढ्याशा पोरीचे नाव सांगतो. मुक्ताबाई. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपण तो दलित साहित्याचा आरंभबिंदू म्हणून शिकवतो, स्त्रीलेखनाचा मानबिंदू म्हणून शिकवतो, दहा गुणांचा प्रश्न काढतो आणि पुढे जातो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या वस्तीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, बाळंतपणात रोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणावा, आणि फुकट औषध देणारा एखादा वैद्य तुमच्यात कधी होऊन गेला काय, हे ती मुलगी विचारते. निवारा, बाळंतपण, औषधाचा खर्च, वैद्याची जात. कुठल्याही आरोग्य खात्याने आजही खाली मान घालून वाचावी अशी ही प्राधान्ययादी एका किशोरीने कुणी चौकोन न देता लिहिली. वाक्यांचा संताप वाचला आणि त्यांतला तपशील वाचला नाही, हा दोष आमच्या अध्यापनाचा आहे.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी महाराष्ट्र आणि बंगाल मुलींच्या शरीराविषयी कडाकडा भांडत होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाहाविरुद्ध आपली टिपणे काढली. पुढे कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारा झाले. या वादात टिळक बोलले, आगरकर बोलले, शास्त्री बोलले, डॉक्टर बोलले, सरकार बोलले. ज्या वयाबद्दल वाद चालला होता त्या वयाची एकही मुलगी त्यात बोलल्याचे आमच्या वाचनात नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली आणि १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने पत्रे लिहिणारी रखमाबाई हा काय तो अपवाद. आणि तिलाही १८८७ साली न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे ती लंडनला वैद्यक शिकून डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोट येथे तिने रुग्णालये सांभाळली. ज्या बाईचे म्हणणे पेशंट म्हणून कुणी ऐकले नसते तिला ऐकवण्यासाठी डॉक्टर व्हावे लागले, असा त्याचा एक अर्थ आम्ही लावतो. तो कुणास ताणलेला वाटल्यास आमची हरकत नाही.

र. धों. कर्वे यांची गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक आहे. पण तीही आपण बहुधा एकाच बाजूने सांगतो, एकाकी लढणारा सुधारक म्हणून. ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चालले ते केवळ संपादकाच्या हट्टावर चालले नाही. वाचक प्रश्न पाठवीत होते. जे घरात, शाळेत, वैद्याकडे विचारता येत नाही ते टपालाने गणिताच्या एका प्राध्यापकाला विचारत होते. १९३४ सालच्या ज्या खटल्यात डॉ. आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. खटला हरला, दंड झाला. प्रश्न मात्र वाचकांचे होते, यादी त्यांनी केली होती; कर्व्यांनी तिच्यात काटछाट केली नाही एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि २००७ साली? महाराष्ट्राच्या विधिमंडळात लैंगिक शिक्षणावर गदारोळ झाला, विरोधात जवळजवळ सर्व पक्षांचे सूर एकमेकांत मिसळले (असे योग दुर्मिळच) आणि शाळांतले ते शिक्षण थांबवण्यात आले. संस्कृतीचा हवाला दिला गेला, पालकांच्या भावनांचा दिला गेला. कोणत्या पालकांना कुणी विचारले होते? आणि नववी-दहावीतल्या मुलांना? मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ तेव्हा येऊन तीन वर्षे झाली होती. नववीतला मुलगा काय पाहतो, काय विचारतो आणि कुणापाशी बोलू शकत नाही हे त्या कादंबरीत सगळ्यांनी हळवे होऊन वाचले होते. कादंबरीतल्या मुलाला कुतूहल चालते, बाकावरच्या मुलाला नाही, हा रसिकतेचा कुठला प्रकार?

कुणी म्हणेल, हे जुने झाले. २०१४ साली केंद्राने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी त्यात पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय आहेत. गावोगाव त्यांच्याच वयाचे ‘साथिया’ नेमायचे आहेत. आपल्याकडे ‘मैत्री’ नावाचे सल्लाकेंद्र आहे. हे सर्व खरे आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे. सहा विषयही चुकीचे नाहीत. पण साथियाने दिल्लीहून आलेले सहा विषय गावात न्यायचे; गावातला सातवा विषय दिल्लीला न्यायचा रस्ता कुठला? निरोप्या वरून खाली येतो, खालून वर जात नाही. अशा निरोप्याला मराठीत दवंडी पिटणारा म्हणतात, साथी नव्हे.

वानगीदाखल निळी गोळी घ्यावी. रक्तक्षयावर आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी शाळांतून देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण ५४.१ टक्के होते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, ते ५९.१ टक्के निघाले. मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण गोळीने आकडा उतरला नाही एवढे कुणालाही दिसते. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते. उपाशीपोटी का? कारण सकाळची एसटी सव्वासहाला आहे, पुढची थेट दहाला. पाचला उठून, पाणी भरून, भाकऱ्या टाकून निघायचे. खाऊन निघणे जमत नाही. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही चांगली गोष्ट. गाडीची वेळ मात्र पासावर मिळत नाही. म्हणजे या मुलींच्या रक्तक्षयाचा एक धागा आगारप्रमुखाच्या टेबलापर्यंत जातो. आरोग्याच्या चौदा चौकोनांत ‘एसटीचे वेळापत्रक’ असा चौकोन कुठला तज्ज्ञ छापणार होता?

पालकांचेही तेच. बीड, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुले आमच्याकडे येतात आणि दिवाळीनंतर त्यांतली काही दिसेनाशी होतात. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये काढल्याच्या बातम्यांनी गदारोळ झाला, समिती बसली. त्या बायकांपैकी कित्येकींची लग्ने पंधराच्या आसपास झालेली होती. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण पाचव्या पाहणीत २१.९ टक्के होते. आधीच्या फेरीत २६.३ टक्के. यावर उपाय म्हणून पालकांसमोर ‘बालविवाहाचे दुष्परिणाम’ या विषयावर व्याख्यान होते. अशा एका व्याख्यानानंतर एका बापाने आम्हांस बाजूला घेऊन जे सांगितले त्याचा मतितार्थ असा : दुष्परिणाम मला माहीत आहेत, माझ्या बायकोचे ऑपरेशन झाले आहे. पण सहा महिने आम्ही फडावर असताना ही पोर कुणाच्या भरवशावर ठेवू? म्हातारी गेली, भाऊ टोळीतच आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. लग्न करून दिले की ती एका घराची झाली आणि एक कोयताही वाढला.

या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याने आपल्या मुलीच्या आरोग्याचा जो प्राधान्यक्रम सांगितला तो एकाच शब्दाचा होता : वसतिगृह. मोठ्या मुलींना सहा महिने निर्धास्त राहता येईल असे, गावाजवळचे. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती त्याच्या मुलीच्या वयापर्यंत पोचलेली नव्हती. त्याला व्याख्यान ऐकायला बोलावले होते, बोलायला नव्हे. आणि त्याचे बोलणे आरोग्याच्या खात्यात न बसणारे असल्यामुळे तेही ‘इतर’मध्येच गेले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आमच्या म्हणण्याचा उलटाच अर्थ निघेल. ‘युवा व कुटुंबीय’ या जोडशब्दातला ‘व’ फार धोक्याचा आहे. तो असे भासवतो की या दोघांचे म्हणणे एकच असणार. आमच्या सभागृहात मुलीशेजारी बापाला बसवले होते. अशा वेळी मुलगी काय लिहिणार? ‘कोसला’तला सांगवीकर मनीच्या मृत्यूनंतर घरच्यांवर जो संतापतो तो वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनी तरी कुटुंब म्हणजे एक तोंड आणि एक मत असे समजू नये. कुटुंब कधी औषध असते, कधी तेच दुखणे असते, आणि बहुतेक वेळा एकाच आठवड्यात दोन्ही असते. म्हणून दोघांना विचारावे, पण वेगवेगळे विचारावे, आधी मुलांना. आणि दोन याद्या जुळल्या नाहीत तर त्यांची सरासरी काढू नये. दोन्ही शेजारी शेजारी छापाव्यात.

हा आग्रह शिष्टाचाराचा नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील व्यक्तीचा कोणताही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि तो ठाऊक झाल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराविरुद्ध हा कायदा आवश्यक होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मुलाबरोबरच्या संबंधातून अडचणीत आली, तर ‘मैत्री’ केंद्राच्या पाटीखाली बसलेल्या बाईंना तिचे ऐकता ऐकताच पोलीस आठवतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना दिलीच पाहिजे असे नाही, असा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला; तो तालुक्याच्या दवाखान्यात किती जणांना माहीत आहे ते जाऊन विचारावे. या मुलीचा प्राधान्यक्रम ‘लैंगिक व प्रजनन आरोग्य’ असा चार शब्दांत मावणारा विषय नाही. तिला एवढेच हवे आहे की आपण सांगितलेले घरी कळू नये. तो चौकोन पालकांशेजारी बसून भरता येत नाही.

आमच्या मित्रांनी घेतलेले आक्षेप आम्ही लपवणार नाही. एकाचे म्हणणे, मुलांना मोकळे सोडले तर ती भलतेच मागतील. हे काही प्रमाणात खरे निघाले. पुढे आम्ही बारावीच्या वर्गात कोरे कागद वाटले, नाव लिहू नका म्हणालो. मुलग्यांपैकी कित्येकांना उंची वाढवण्याचे औषध हवे होते. दोघांना व्यायामशाळेत मिळणारा पावडरचा डबा खरा की खोटा हे जाणायचे होते. एकाने ‘केस गळतात’ एवढेच लिहून तीन उद्गारचिन्हे काढली होती. हसू येते. पण बाजारात मिळणारी भुकटी सतरा वर्षांच्या मुलाने खावी की नाही, हा प्रश्न आरोग्याचा नाही तर कशाचा? आणि त्याच गठ्ठ्यात ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द कुणीही लिहिलेला नव्हता, कारण त्यांच्या कानाला तो वेडाचा वाटतो; मात्र ‘टेन्शन’, ‘डोके बंद पडते’, ‘घरी जावेसे वाटत नाही’, ‘रात्री कसेतरी होते’ हे पानोपानी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. ‘कसेतरी होते’ या दोन शब्दांना आमच्या प्रश्नावलीत जागा नव्हती. ‘ताणतणाव’ या आमच्या शब्दाला होती, आणि तो त्यांना परीक्षेच्या निबंधाचा विषय वाटला.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळे ऐकायला छान, पण करायचे कसे? करून झालेले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना उभारण्यापूर्वी गोंडांना विचारले की तुम्हांला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची आम्हांला भीती वाटते, असे लोक म्हणाले; म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. राणी बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये खेड्यातल्या बायकांच्या आजारांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले, आणि जगाच्या आरोग्यधोरणात कुटुंबनियोजनाच्या पलीकडे बाईला शरीर असते याची नोंद झाली. बायकांच्या अंगणात बसून ऐकणाऱ्या बाईंना हे दिसले. इंग्लंडात २००४पासून जेम्स लिंड यांच्या नावाने एक उपक्रम चालतो. खलाशांच्या स्कर्व्हीवर १७४७ साली प्रयोग करणारे हे लिंड. तिथे संशोधनाचे विषय ठरवताना रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना आधी मोकळे प्रश्न लिहायला सांगतात. यादी त्यांतून निघते, आणि निव्वळ संशोधकाला तिथे मत नसते. आमच्याकडे यादी आधी छापतात आणि प्रश्न नंतर जमवतात. यात पैशाची अडचण नाही. कोरा कागद छापील कागदापेक्षा स्वस्त असतो.

तिसरा आक्षेप आमच्याच मराठी विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा : ‘हे आपले काम नव्हे.’ सरांचा आम्ही आदर करतो. पण ती प्रश्नावली आमच्याकडे आली ती आम्ही मराठीचे म्हणून आली. ‘स्टिग्मा’ला ‘कलंक’ आम्ही लिहिले, ‘ॲडोलेसंट’ला ‘किशोरवयीन’ आम्ही लिहिले. स्वतःला किशोरवयीन म्हणवणारा एकही मुलगा आम्ही आजवर पाहिलेला नाही. शासनाच्या प्रत्येक योजनेत एक भाषांतरकार बसलेला असतो आणि तो बहुधा आपल्यासारखाच एम.ए. झालेला असतो. ज्या शब्दाने बोलणाऱ्याचे तोंड उघडते तो कुठला आणि ज्याने मिटते तो कुठला हे ओळखण्याचा पगार आपण घेतो. आम्ही ते ओळखले नाही.

पुढील कार्यशाळेची प्रश्नावली मागच्या महिन्यात भाषांतरासाठी आली. या वेळी सोळा चौकोन आहेत. आम्ही ती तशीच परत पाठवून सोबत पत्र जोडले. पहिली फेरी कोऱ्या कागदावर, नावाशिवाय व्हावी. पालकांची बैठक वेगळ्या दिवशी आणि बोलीभाषेत घ्यावी. कोणताही कागद ‘अपूर्ण’ ठरवू नये. आणि जे आरोग्य खात्याच्या कक्षेत येत नाही ते ज्या खात्याच्या येते त्याला, म्हणजे आगारप्रमुखांपासून समाजकल्याण अधिकाऱ्यांपर्यंत, लेखी कळवून त्याचे उत्तर मुलांना वाचून दाखवावे. एवढे मान्य असेल तर भाषांतर विनामूल्य करून देऊ, असे लिहिले आहे. पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही.